शाळेचे सातत्य कोणाकडे? मीरा-भाईंदर आणि शाश्वत शालेय नेतृत्वाचा प्रश्न

शालेय नेतृत्वाचा विचार महाराष्ट्रात बहुधा व्यक्तींच्या नावाने होतो. अमुक मुख्याध्यापकांच्या काळात शाळा नावारूपाला आली, ते निवृत्त झाले आणि शाळा उतरणीला लागली, असे वर्णन इतक्या शाळांविषयी आणि इतक्या सहजतेने केले जाते की त्यात दडलेला दोष कोणाच्या ध्यानात येत नाही; जे काम एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संपते ते संस्थेत कधी रुजलेलेच नव्हते, हा तो दोष होय. शिक्षणशास्त्रात गेल्या दोन दशकांत ‘शाश्वत नेतृत्व’ या नावाने जी मांडणी पुढे आली, तिचा रोख नेमका येथे आहे. अँडी हारग्रीव्ह्ज आणि डीन फिंक या अभ्यासकांनी २००६ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यामागे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांत व अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्य यांमधल्या आठ माध्यमिक शाळांचा सुमारे तीन दशकांच्या कालखंडाचा अभ्यास होता. शाळेत आलेला चांगला बदल टिकतो की विरतो, हे एका प्रमुखाकडून दुसऱ्याकडे सूत्रे जाताना काय घडते यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते, आणि तरीही या संक्रमणाची पूर्वतयारी शाळा क्वचितच करतात, असे त्या अभ्यासातून दिसून आले.

या दोघांनी शाश्वत नेतृत्वाची सात तत्त्वे सांगितली. नेतृत्वाचे लक्ष मुलांच्या खोलवरच्या शिकण्यावर असावे, ते एका कारकिर्दीपलीकडे टिकावे, अनेकांत वाटलेले असावे, शेजारच्या शाळेच्या नुकसानीवर उभे नसावे, विविधतेला जागा देणारे असावे, माणसांना थकवून टाकणारे नसावे आणि संस्थेच्या भूतकाळातील मोलाचे जतन करणारे असावे, असा त्यांचा आशय आहे. ही सातही तत्त्वे सारख्याच वजनाची नाहीत. मुंबई महानगराच्या सीमेवर वेगाने वाढलेल्या शहराला ती लावून पाहिली, तर टिकाऊपणा, वाटणी आणि शेजारच्या शाळेशी न्याय या तीन तत्त्वांचा भार उरलेल्या चारांपेक्षा जास्त आहे हे स्पष्ट होते, आणि म्हणून या आढाव्यात त्यांवरच अधिक थांबावे लागते.

मीरा-भाईंदर हे असे शहर आहे. वसईची खाडी, मिठागरे, खाजणे आणि तिवरांच्या पट्ट्यांमध्ये वसलेल्या मिरे, काशी, घोडबंदर, नवघर, भाईंदर अशा गावांच्या ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये येथे नगरपरिषद स्थापन झाली, पुढे राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही धारावी बेटावरील गावेही तिच्यात आली, आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाखांच्या पुढे आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक वाढलेल्या या वस्तीत आगरी, कोळी आणि ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावे आहेत, मुंबईतल्या चाळींतून स्वस्त घराच्या शोधात आलेली मराठी कुटुंबे आहेत, गुजराती, मारवाडी आणि उत्तर भारतीय कुटुंबे आहेत, आणि भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमधील कामावर पोट असलेले भाडेकरूही आहेत. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, नोकरीचे ठिकाण बदलते आणि रोजचा बराचसा वेळ लोकलमध्ये जाणारा. अशा पालकांच्या मुलांना शाळा बदलावी लागणे ही येथे अपवादाची गोष्ट नाही.

मुले जशी फिरती आहेत, तशी पदेही फिरती आहेत. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८१ मध्ये झालेल्या नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळते (अल्पसंख्याक संस्थांना या बाबतीत वेगळी मोकळीक आहे) आणि निवृत्तीचे वय ५८ आहे. सेवाज्येष्ठतेचा नियम मनमानीला आळा घालतो, म्हणून तो सहजासहजी मोडीत काढण्याजोगा नाही. परंतु त्याचा परिणाम असा की, ज्याच्याकडे शाळेची सूत्रे येतात त्याच्या हाती अनेकदा दोन-चारच वर्षे उरलेली असतात, आणि त्यातील पहिले वर्ष कार्यालयीन कागद समजून घेण्यात व शेवटचे निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात जाते. महापालिकेच्या शाळांवर ज्या अधिकाऱ्यांची देखरेख असते, त्यांच्या बदल्यांसाठी २००५ च्या राज्य कायद्याने सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची ठरवली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ या कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात, पण महाराष्ट्रात तिची मुदत दोन वर्षांची आहे. त्याच समितीत स्थानिक प्राधिकरणाच्या निवडून आलेल्या सदस्यासाठी एक जागा आहे. मीरा-भाईंदरमध्ये २०१७ च्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि नंतर बराच काळ कारभार प्रशासकाकडे राहिला, तेव्हा या जागेसाठी नगरसेवकच उपलब्ध नव्हता. विनाअनुदानित शाळांना ही समिती लागू नाही. तेथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघ असतो, आणि त्याची बहुतेक शक्ती शुल्काच्या वादात खर्च होते.

या सर्व मुदती एकमेकींशेजारी मांडल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. पहिलीत आलेले आणि त्याच शाळेत राहिलेले मूल आठवी किंवा दहावीपर्यंत आठ-दहा वर्षे त्या शाळेत असते. तेवढ्या काळात दोन-तीन मुख्याध्यापक, तितकेच अधिकारी आणि चार-पाच समित्या येऊन जातात. शाळेतल्या माणसांपैकी सर्वांत अल्पकाळाचे मानले जाणारे मूल प्रत्यक्षात अनेक मोठ्यांपेक्षा अधिक काळ तेथे असते. शहर बदलते असल्याने काही मुले मध्येच जातात हे खरे, परंतु वर्गाचा मोठा भाग टिकून असतो, आणि म्हणून शाळेच्या चांगल्या सवयी कोणाच्या हाती सोपवाव्यात या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थिजीवनाच्या रचनेत शोधावे लागते. नेतृत्वावरील बरेचसे लेखन मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाभोवती फिरते आणि त्या प्रशिक्षणाची गरज आहेच. शालेय नेतृत्वासाठी २०१२ पासून राष्ट्रीय केंद्र काम करते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक व मुख्याध्यापक या दोघांसाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. पण निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या मुख्याध्यापकाला दिलेले उत्तम प्रशिक्षणही त्याच्याबरोबरच शाळेबाहेर जाते.

व्यक्ती गेल्यावरही काम राहावे यासाठी रचना कशी करावी, याचे धडे महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात आहेत आणि त्यांच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले गेलेले नाही. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ मध्येच वारले, टिळकांनी १८९० मध्ये संस्था सोडली, वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये आणि आगरकर १८९५ मध्ये निवर्तले. म्हणजे पहिल्या पंधरा वर्षांत अग्रणी पुरुषांपैकी चौघे गेले, त्यांतला एक तीव्र मतभेदाने, आणि तरीही संस्था उभी राहिली. याचे एक मोठे कारण आजीव सदस्यत्वाची पद्धत हे होते. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतलेले शिक्षकच संस्थेचा कारभार पाहत, त्यामुळे सत्ता कोणा एकाच्या घरी गेली नाही आणि अनुभवही एका टेबलावर साचला नाही. या पद्धतीला सामाजिक मर्यादा होत्या, कारण तिचा परीघ पुण्याच्या सुशिक्षित वर्गापुरता होता. ती मर्यादा कर्मवीर भाऊराव पाटलांनी ओलांडली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने १९२४ मध्ये साताऱ्याला सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, आणि स्वयंपाक, सफाई, शेतीचे काम स्वतः करत. ‘कमवा आणि शिका’ या सूत्राचा आर्थिक अर्थ सर्वज्ञात आहे. त्याचा नेतृत्वविषयक अर्थ असा की, वसतिगृह चालवण्याची विद्या मुलांच्याच हातात होती आणि दरवर्षी मोठी मुले ती धाकट्यांना देत होती. १९५९ मध्ये भाऊरावांचे निधन झाल्यावरही संस्था वाढत गेली, हे या वाटणीचे फळ मानणे वाजवी ठरते.

मीरा-भाईंदरच्या अधिक जवळचे उदाहरण तत्कालीन ठाणे जिल्ह्यातलेच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी यातून अंगणवाडी, आणि गुरे राखायला जाणाऱ्या मुलांमागे शिक्षकाने चरणीच्या रानात जावे यातून कुरणशाळा असे प्रयोग तेथे झाले. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ दोन दशके, ते काम चालवले. सूत्रे हाती घेण्यापूर्वी त्या अठ्ठावीस वर्षे त्याच कामात होत्या, ही येथली सर्वांत मोलाची बाब आहे. वारसदार नेमला गेला तेव्हा तो कामातून घडलेला होता, आणि प्रयोगाची रीत इतकी साधी व स्पष्ट होती की १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. कोसबाडच्या तोडीची माणसे प्रत्येक शाळेला मिळणार नाहीत, परंतु पुढचा प्रमुख आधीपासून कामात सहभागी असावा ही अट कोणतीही शाळा स्वतःला घालून घेऊ शकते.

विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाचे जे रूप आज शाळांत दिसते, त्याकडे वळले की चित्र निराशाजनक आहे असे म्हणावे लागते. महापालिका व जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत बालमंत्रिमंडळ असते. त्यात मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सफाईमंत्री निवडले जातात. खासगी इंग्रजी शाळांत हेड बॉय, हेड गर्ल आणि निरनिराळ्या ‘हाउस’चे कप्तान असतात, त्यांना समारंभपूर्वक पट्टे व बिल्ले दिले जातात. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरता सहभाग यांना, सहभाग मानण्यास नकार दिला. या कसोटीवर बहुसंख्य शालेय मंत्रिमंडळे दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या वर जात नाहीत, कारण मंत्र्यांकडे खाते असते पण निर्णय नसतो. पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कधीपासून तुटली आहे, ग्रंथालयाची पुस्तके कपाटात बंद का आहेत, हे आरोग्यमंत्र्याला किंवा ग्रंथमंत्र्याला सर्वांत आधी ठाऊक असते. त्याचे म्हणणे कोणत्या वहीत लिहिले जाते आणि कोणत्या बैठकीत वाचले जाते, यावर त्या पदाचा खरेपणा अवलंबून आहे. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत सफाई, स्वयंपाक व आरोग्य यांची जबाबदारी मुलांनी आपल्या सभेत निवडलेल्या मुलांकडे असे आणि कामाचा हिशेब सभेपुढे द्यावा लागे. निवडणूक तेथेही होती, पण तिच्यामागे काम होते.

कायद्याने एक दार उघडून ठेवलेले आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी सदस्य असतात. त्यांना मताधिकार नाही, तरीही बैठकीत बसण्याचा व बोलण्याचा मान आहे, आणि भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाशी, म्हणजे स्वतःशी संबंधित बाबींत मुलाचे म्हणणे ऐकले जाण्याच्या हक्काशी, ते सुसंगत आहे. हे दोन सदस्य मंत्रिमंडळातूनच निवडले गेले, त्यांतला एक सातवीतला आणि एक आठवीतला असला, आणि दरवर्षी मोठा बाहेर पडताना धाकटा त्याची जागा घेत गेला, तर समितीची मुदत संपली तरी तिची स्मृती संपणार नाही. एवढ्या साध्या व्यवस्थेसाठी वेगळा निधी लागत नाही आणि नवा शासननिर्णयही लागत नाही.

वाटणीच्या तत्त्वाइतकाच न्यायाचा प्रश्न या शहरात तीव्र आहे. एका शाळेचा नावलौकिक वाढतो तेव्हा शेजारच्या शाळेतील चांगले शिक्षक आणि धडपडे पालक तिच्याकडे ओढले जातात. पहिली शाळा यशस्वी ठरते आणि दुसरीचा पट घसरतो, पट घसरला की शिक्षकांची पदे कमी होतात. हक्काच्या कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक स्तरावर १५० पेक्षा अधिक मुले असली तरच स्वतंत्र मुख्याध्यापक देय असतो, म्हणजे पट गेला की नेतृत्वाचे पदच जाते. खासगी शाळांतील दुर्बल व वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के जागा हा या उताराला घातलेला एक बांध आहे. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा बदल राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, तेव्हा दाट वस्तीच्या शहरांत ही तरतूद जवळजवळ निरर्थक झाली असती. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. खासगी शाळेच्या प्रमुखाने २५ टक्क्यांतून आलेल्या मुलाला सहलीत, स्नेहसंमेलनात आणि कप्तानपदाच्या निवडीत बरोबरीने उभे केले नाही, तर ती शाळा निकालात कितीही पुढे असो, तिचे नेतृत्व शाश्वत म्हणता येणार नाही.

विविधतेचे तत्त्व येथे भाषेच्या रूपाने समोर येते. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती माध्यमांत आहेत, आणि २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या व सर्व मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला आहे. जुलै २०२५ मध्ये मीरारोडला मराठीच्या प्रश्नावर मोठा मोर्चा निघाला, तेव्हा हे शहर राज्यभर चर्चेत आले. मराठी येथे सन्मानाने नांदावी ही मागणी रास्त आहे. ती पुरी होण्याची जागा मात्र मुख्यतः शाळेचे मैदान आहे, जेथे वेगवेगळ्या माध्यमांची मुले खेळ, वाचन किंवा परिसराच्या कामासाठी एकत्र आली तर मराठी ही परीक्षेतल्या गुणांपलीकडची, सोबतीची भाषा होते. माध्यमवार वेगळे परिपाठ आणि वेगळी संमेलने चालू राहिली तर शेजारी राहणारी मुले एकमेकांना अनोळखीच राहतात.

जतनाच्या तत्त्वाविषयी थोडे सांगणे पुरेसे आहे, पण ते वगळता येत नाही. उत्तन-पालीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या वलांडी, खाडीकाठची मिठागरे आणि तिवरांची वने ही येथील मुलांच्या पाठ्यक्रमाची न छापलेली पाने आहेत. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि तेथील ग्रामस्थांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे तक्रार केली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा झाला, राष्ट्रीय हरित सेनेची मंडळेही निघाली. तथापि मीरारोडच्या गृहसंकुलातील मुलाला आपल्या घरचा कचरा कोणाच्या गावी जातो हे ठाऊक नसेल, तर त्या विषयाला गुण मिळाले तरी शिक्षण झाले असे म्हणवत नाही.

राहिला माणसांना न थकवण्याचा प्रश्न. हक्काच्या कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षणेतर कामाला लावण्यास मनाई करते, पण हे तीन अपवादच बरेच दिवस खातात, आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम कोणत्याही कलमात बसत नसल्याने मोजलेही जात नाही. मुलांचा थकवा आणखी दुर्लक्षित आहे. जागेच्या टंचाईमुळे महानगर परिसरात एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात, सकाळच्या सत्राची मुले अर्धवट झोपेत येतात, आणि दोन सत्रांमध्ये मैदानाला, असले तर, अर्धा तासही मिळत नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तो या थकव्याची दखल घेणारा होता. दोन सत्रांच्या इमारतीत तो पाळणे किती कठीण आहे, हे वेळापत्रक आखणाऱ्याला ठाऊक असते. सुरक्षिततेसाठी मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा निर्णय झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातील बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराची घटना घडल्यावर त्या कितपत कागदावर राहिल्या होत्या, याची विचारणा राज्यभर सुरू झाली. समितीतील एकाही मोठ्या माणसाचे नाव मुलीला माहीत नसेल तर तिने सांगावे कोणाला, हा प्रश्न विद्यार्थी प्रतिनिधींच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही, कारण लहान मूल पुष्कळदा पहिल्यांदा मोठ्या मुलालाच सांगते.

ज्या शाळांचे वर्ग आठवीपर्यंतच आहेत, तेथे या सगळ्या धाग्याला एक गाठ बसते. सातवी-आठवीत समितीपुढे बोलायला शिकलेली मुलगी नववीत दुसऱ्या संस्थेच्या माध्यमिक शाळेत जाते आणि तेथे तिची ओळख फक्त प्रवेश-क्रमांकाने होते. शेजारच्या प्राथमिक, उच्च प्राथमिक आणि माध्यमिक शाळांनी एक समूह म्हणून काम करावे, साधने व शिक्षक वाटून घ्यावेत, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये केली होती आणि २०२० च्या धोरणाने शाळासंकुल या नावाने ती पुन्हा मांडली. मीरा-भाईंदरमध्ये चार माध्यमांच्या महापालिका शाळा आणि अनुदानित माध्यमिक शाळा अनेक ठिकाणी जवळजवळ आहेत. तेथे एखाद्या प्रभागातील शाळांनी मुख्याध्यापकांची, समिती सदस्यांची आणि विद्यार्थी प्रतिनिधींची वर्षातून दोनदा संयुक्त बैठक घेतली, आणि पदभार सोपवतानाच्या कागदांत जडवस्तू नोंदवही व रोकड यांच्याबरोबर मुलांच्या सभेचे इतिवृत्तही पुढच्या मुख्याध्यापकाच्या सहीने सोपवण्याचा शिरस्ता पाडला, तर शाळासंकुलाची सुरुवात वरून आदेश येण्याची वाट न पाहता होऊ शकते.